आचाऱ्याची जीभ आणि गुडमारचा पाला

जाड माणूस माझ्या दुकानात कधीच स्वतःसाठी येत नाही. तो मेव्हण्यासाठी येतो, शेजाऱ्यासाठी येतो, पुण्याला नोकरीत असलेल्या भाच्यासाठी येतो. "वजन उतरवाचं काही हाय का तुमच्याकडं? माह्यासाठी नाई, आमच्या ओयखीतला एक जन हाय," असं म्हणताना त्याने पोट आत ओढून धरलेलं असतं. मीही गंभीर चेहरा करून त्या ओळखीतल्या माणसाचं वय, भूक, झोप, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत का, सकाळी पोट साफ होतं का, असं सगळं विचारून घेते. समोरचा एकदाही न अडखळता उत्तरं देतो. मेव्हण्याच्या पोटाची इतकी खडानखडा माहिती असलेली माणसं फक्त आमच्या रिसोडातच असावीत.

रिसोडच्या बाजारात आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. हा शब्द ऐकून नवी पोरं बिचकतात, म्हणून सांगते. वाळलेली मुळं, साली, पाला, फळं, बिया आणि डिंक विकणारं ते काष्ठौषधीचं दुकान. माझ्या सासऱ्यांनी ते काढलं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात वावडिंगाचा आणि ओव्याचा वास इतका भरलेला असायचा की माहेरी गेले तरी आई म्हणायची, तुझ्या लुगड्याला दवाखान्यासारखा वास येतो. सासऱ्यांचे गुडघे गेले तसं त्यांनी मला गल्ल्यावर बसवलं आणि तिथेच माझं आयुष्य गेलं. आता सून दुकान बघते. मी दुपारी जाऊन बसते. मी म्हणते लक्ष ठेवायला जाते, सून म्हणते सासूबाई गप्पा मारायला येतात. दोघींचंही खरं आहे.

वजनाचं औषध मागणाऱ्याला मी पहिल्यांदा एक गोष्ट सांगते आणि ती ऐकून निम्मे लोक परत जातात. चरबी वितळवणारी वनस्पती माझ्या दुकानात नाही, आणि दुसऱ्या कुठल्या दुकानातही नाही. त्रिफळा पोट साफ ठेवते. सुंठ आणि वावडिंग बिघडलेलं पचन ताळ्यावर आणतात. मेथीदाणा पाण्यात फुगतो तसा पोटात फुगतो आणि खोटी भूक थोडा वेळ गप्प बसते. गुग्गुळ मी वैद्याच्या चिठ्ठीशिवाय हातात देत नाही आणि ज्याच्या गोळ्या चालू आहेत त्याला आधी डॉक्टरला विचारून यायला सांगते. ही सगळी मदतनीस मंडळी आहेत. काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

पण या मदतनिसांचं मला कौतुक आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. नागरमोथ्याचं काळंकुट्ट, केसाळ मूळ हातात घ्या, कुणी पायाने उडवेल असं दिसतं. जरा ठेचा, दुकानभर वास होतो. चांगला हिरडा फोडला तर आत भरीव निघतो आणि पाण्यात टाकला तर तळाशी बसतो. त्रिफळा मी कधी महिनोन्‌महिने पुरेल इतकी कुटून ठेवली नाही, कारण चूर्ण जुनं झालं की नुसती माती उरते. गिऱ्हाईक समोर बसवून थोडी थोडी कुटायची आणि फडक्यातून गाळून द्यायची, ही सासऱ्यांची पद्धत. त्यात वेळ जातो, पण त्या वेळात माणूस बोलतो आणि मग मेव्हणा कोण ते कळतं.

हल्ली फोनवर एक चूर्ण फिरत असतं. मेथी, ओवा आणि काळं जिरं भाजून कुटायचं आणि महिन्यात पोट सपाट, असं त्यात लिहिलेलं असतं. एक तरणाबांड मुलगा मुलगी पाहायला जायचं म्हणून घाईने आला होता. मी त्याला सकाळी चालायला जा म्हणाले तर म्हणाला, "काकू, चालाले टाइम असता तं तुमच्याकडं कायले आलो असतो?" मी नुसतं चूर्ण देईना म्हणून रागावून गेला आणि दुसरीकडून कसलंसं डबाबंद औषध घेऊन जुलाबाने हैराण झाला. मुलगी पाहायचा कार्यक्रम त्याच्याविनाच झाला म्हणे. अशी गिऱ्हाइकं हातातून जातात तेव्हा वाईट वाटतं. थोडं गोड बोलून थांबवायला हवं होतं, असं वाटत राहतं.

सुखदेवभाऊ मात्र स्वतःसाठी आले, आणि रस्त्यावरूनच ओरडत आले.

"वयनी! ओ वयनी! हे पोट उतरवाचं हाय. औषध द्या!"

बाजाराचा दिवस होता. सगळा रस्ता आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला. ते ओरडत होते याचं कारण आमच्या दुकानाच्या दगडी पायऱ्या उंच आहेत आणि त्या चढायची त्यांची छाती होत नव्हती. मीच स्टूल घेऊन खाली उतरले. ते बसले तेव्हा स्टूल असं करकरलं की शेजारचा टेलर मशीन थांबवून बघायला लागला.

सुखदेवभाऊंना आमच्याकडे कोण ओळखत नाही? गावाबाहेर त्यांचा वांग्या-टमाट्यांचा मळा आहे. घरची माणसं बाजारात भाजी घेऊन बसतात. पण लग्नसराई आली की सुखदेवभाऊ आचारी होतात. मोठं लग्न ठरलं की लोक आधी सुखदेवभाऊ कोणत्या दिवशी मोकळे आहेत ते विचारतात आणि मग मुहूर्त काढतात. त्यांच्या हातची वांग्याची भाजी आणि गव्हाची खीर खाल्लेली माणसं नवरा-नवरीची नावं विसरली तरी जेवण विसरत नाहीत.

"काय म्हनले डॉक्टर?" मी विचारलं.

"वाशिमचे डॉक्टर म्हनले, गुडघे गेले, दम लागते, वजन उतरवा. नाई तं भट्टीपुढं उभं राह्यनं बंद करा." त्यांनी रुमालाने मान पुसली. "मागच्या लग्नात मी खुर्चीवर बसून सैपाक सांगतला. वयनी, खुर्चीवर बसून मानूस पुढारी होते, आचारी होत नाई. पोट्ट्याइनं भाजी खाली लावली. मले खुर्चीवरूनच वास आला, पन उठेपर्यंत जयली."

हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला. इतका वेळ रस्ता गोळा करणारा माणूस माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"मले भट्टी सोडाची नाई. दुसरं काही मले येत नाई, अन्‌ येत असतं तरी केलं नसतं."

मी खाण्यापिण्याचं विचारलं. घरी भाकर, वरण, भाजी, त्यात वावगं काही नव्हतं. आणि लग्नाच्या दिवशी?

"लग्नाच्या दिवशी तं मी जेवतच नाई!" ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "विचारा कोनालेई. आजवर मी कोन्या पंगतीत बसलो नाई. सैपाक होईपर्यंत भूकच मरून जाते. अन्‌ खरं सांगू का, आपल्या हातचं मले गोड लागत नाई. लोकं म्हनतात, भाऊ, लय चांगलं झालं. लोकाईचं काय, तोंडदेखलं बोलतात."

लग्नसराईत दर वर्षी वजन वाढतं आणि माणूस म्हणतो मी जेवत नाही. मी मेथीदाण्यांचं पोतं ओढलं, एक मोठं वाडगं घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, लग्नाच्या दिवशी सकायपासून जे जे जिभेवर ठेवता, तेवढी तेवढी मेथी या वाडग्यात टाका."

त्यांना हा खेळ वाटला. पण माणूस कामाच्या बाबतीत खोटं बोलणारा नव्हता. डोळे मिटून त्यांनी मांडव उभा केला. वांग्याच्या भाजीचा मसाला परतला, तो तळहातावर घेऊन एकदा. पाणी सोडल्यावर एकदा. पोराने मीठ टाकलं की नाही म्हणून एकदा, उतरवताना एकदा. मग वरण, मसालेभात, मठ्ठा. मग खिरीशी आले आणि हात थांबेचना. गूळ टाकल्यावर एक, विरघळल्यावर एक, वेलची घातल्यावर एक, वेलची लागली का ते पाहायला आणखी एक. त्यांची चिमूट म्हणजे आचाऱ्याची चिमूट, माझ्या मुठीएवढी. वाडगं भरलं आणि मेथी फरशीवर सांडायला लागली.

सुखदेवभाऊंनी डोळे उघडले आणि वाडग्याकडे बघत राहिले.

"हे समदं मी खाल्लं?"

"तुमीच टाकलं ना?"

"पन चाखनं म्हनजे खानं थोडीच हाय, वयनी!"

मला हसू आवरेना. मग मी सहज विचारलं की गावातल्या मंदिराच्या महाप्रसादाला काय करता? दर वर्षी तो स्वयंपाक तेच करतात आणि त्याचा एक पैसा घेत नाहीत.

"त्याले तं चाखाचंच नाई," ते म्हणाले. "देवाच्या आधी जिभेले लावलं का नैवेद्य बाटला."

"मंग चव कशी समजते?"

"नाकानं. डोयानं. हातानं." ही काही विचारायची गोष्ट आहे का, अशा सुरात ते म्हणाले. मीही पुढे काही विचारलं नाही. मेथी भरून ठेवायची होती आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

मी त्यांना रात्री कोमट पाण्याबरोबर घ्यायला त्रिफळा दिली आणि जेवणाआधी घ्यायला सुंठ-वावडिंग. चाखण्याचा चमचा लहान करा, असं बजावलं. मग गुडमारची पाळी आली.

गुडमार हा वेल आहे. वाळलेला पाला दिसायला साधा, चवीला कडवट. पण त्याच्यात एक गंमत आहे आणि ती मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला दाखवते, कारण दुकानदारालाही थोडी जादू लागते. पाला नीट चावायचा, चूळ भरायची आणि मग साखर जिभेवर ठेवायची. साखर गोड लागत नाही, वाळू चावल्यासारखी लागते. अर्धा-पाऊण तास जिभेची गोडाची खिडकी बंद राहते. ज्याला गोडाची हाव सुटते त्याला याचा उपयोग होतो, कारण चवच नसेल तर दुसरा पेढा कोण खाईल? पूर्वी हा वेल शेतांच्या कुंपणावर आणि नाल्याकाठी दिसायचा, बायका जुड्या बांधून दुकानात आणून द्यायच्या. आता कुंपणं तारेची झाली आणि पाला बाहेरच्या व्यापाऱ्याकडून पोत्यात येतो. तो ओला कसा दिसतो हे माझ्या सुनेने पाहिलेलंही नाही.

सुखदेवभाऊंनी पाला चावला आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वयनी, जीभ मेली माही!"

"मेली नाई, झोपली. उठते घडीभरानं."

त्यांना ते पटेना. घामाघूम होऊन ते स्टुलावर बसून राहिले, दर थोड्या वेळाने गुळाचा कण जिभेवर ठेवून बघायचे. एवढा अवाढव्य माणूस, भट्टीच्या जाळाला न भिणारा, माझ्या चिमूटभर पाल्याला भ्याला होता. गोडी परत आली तेव्हा त्यांनी हात जोडले. "हे औषध माह्या दुश्मनाले द्या," म्हणाले आणि त्रिफळा आणि सुंठ-वावडिंग तेवढं घेऊन गेले.

काही दिवसांनी तेच परत आले. पायरीशी उभे राहून म्हणाले, "तो पाला द्या. घरी रातच्याले गूय खाल्ल्याशिवाय मले झोप येत नाई, अन्‌ गूय खाल्ला का पायलीपायलीनं खातो. बायको डबा लपवते, मी हुडकतो." रात्रीचा गूळ सुटावा म्हणून मी पाला दिला, पण एक अट घातली. स्वयंपाकाच्या दिवशी हा पाला तोंडात घ्यायचा नाही. त्यांनी कानाला हात लावून शपथ घेतली.

आणि माणसाने खरंच मनावर घेतलं. पहाटे मळ्यात पायी जायला लागले. सोबत खर्राही सोडला. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा आमच्याकडे माणसाच्या खिशात नसेल तर तो घरातून निघताना काही विसरला असं समजतात. तो मी सोडायला सांगितला नव्हता. "एकाच वक्ती समदं उतरवू," म्हणाले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. पण तोंडाचं व्यसन सुटलं तरी हाताचं सुटत नाही. खिशातून प्लॅस्टिकची पन्नी काढायची, तळहातावर घोटायचं, तोंडात टाकायचं ही सवय इतक्या वर्षांची. म्हणून त्यांनी स्वतःच्याच डोक्याने दोन पन्न्या केल्या. एकीत ओवा-बडीशेप, ती कामाच्या दिवसासाठी. दुसरीत गुडमारचा चुरा, घरी असतानासाठी. मला याचा पत्ता नव्हता. असता तर दोन्ही पन्न्या मी तिथेच जप्त केल्या असत्या.

जऊळक्याला माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. स्वयंपाक सुखदेवभाऊंचा होता आणि नवरीच्या आजोबांच्या हट्टापायी गोडाला गव्हाची खीर होती. ऊन मी म्हणत होतं. मी मांडवात पंख्यापुढे जागा धरून बसले होते, तेवढ्यात भट्टीकडून आरडाओरडा ऐकू आला. सुखदेवभाऊ नवरीच्या बापाच्या अंगावर ओरडत होते.

"गूय बेकार हाय तुमचा! एवढा टाकला तरी खीर गोड होऊन नाई राह्यली! कोन्या दुकानातून आनला हा?"

नवरीचा बाप हात जोडून उभा. सुखदेवभाऊंनी आणखी एक ढेप फोडायला घेतली होती. मला पाहून म्हणाले, "वयनी, तुमीच चाखून सांगा, हे गोड हाय काय?"

मी चमचाभर खीर तोंडात घातली. अशी गोड खीर मी जन्मात खाल्ली नव्हती. दुसरा चमचा कुणालाही गेला नसता. मी एकदम त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा गाल हलत होता.

"भाऊ, तोंडात काय हाय?"

"काई नाई. ओवा." त्यांनी खिशातून पन्नी काढली, उघडली, वास घेतला. मग दुसऱ्या खिशातली काढली. ओवा तिच्यात होता. दोन्ही पन्न्या दोन हातांत धरून ते तसेच उभे राहिले.

वऱ्हाड वेशीपर्यंत आलं होतं, बँडचा आवाज येत होता. सकाळपासून ते कामाच्या धांदलीत गुडमारच चघळत होते, म्हणजे जीभ लवकर उठण्यातली नव्हती. भल्यामोठ्या कढईत खीर आणि तिच्यात दुप्पट गूळ. सुखदेवभाऊ हळू आवाजात म्हणाले, "आज माहं नाव गेलं, वयनी. डॉक्टर म्हनला तेच बरं होतं."

पाला माझ्याच दुकानातला होता.

"तुमी दुरुस्त करा, मी चाखून सांगत जाते," मी म्हणाले.

"नाई." ते एकदम म्हणाले. "तुमी चहात साखर घेत नाई. तुमच्या जिभेवर एवढ्या लोकाईले जेवू घालू काय? ज्याची त्याची जीभ ज्याच्या त्याच्या घरची." मग त्यांनी बाजूच्या ड्रमाजवळ जाऊन खळखळून चुळा भरल्या, दोन्ही पन्न्या भट्टीत टाकल्या आणि उपरणं कमरेला घट्ट बांधलं. पोरांना म्हणाले, "आज महाप्रसाद हाय असं समजा. कोनी जिभेले लावाचं नाई."

पुढचं मी कढईशी उभी राहून पाहिलं. इतक्या वर्षांत मी औषधं पारखणारी पुष्कळ माणसं पाहिली, पण एवढं निवांत पारखणं कुठे पाहिलं नाही. मसालेभातासाठी भिजवलेल्या तांदळातला बराचसा काढून त्यांनी वेगळा शिजवायला टाकला, मऊ लगदा केला आणि खिरीत थोडा थोडा सोडायला लागले. दर वेळी ढवळून थांबायचे. कढईवर वाकून वास घ्यायचे, मग डावाने खीर वर उचलून तिची धार बघायचे, पानावर थेंब टाकून त्याचा रंग बघायचे. दोन बोटांच्या मध्ये खीर घेऊन बोटं हळूच उघडायचे. "गूय जास्त असला का बोटं सुटाले मागत नाई," ते स्वतःशीच म्हणाले. चिमूटभर मीठ टाकलं, सुकं खोबरं भाजून टाकलं. इतक्या वेळात ते एकदाही बसले नाहीत, हे माझ्या नंतर लक्षात आलं. दमही लागला नाही.

मग त्यांनी डाव ठेवला, एका वाटीत खीर घेतली आणि महाप्रसादाला पुजाऱ्याला देतात तशी माझ्या हातात दिली. नुसते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

मी खाल्ली. काय सांगू? सुखदेवभाऊंची नेहमीची खीर चांगली असते. ही तिच्याहून चांगली होती. मी मान हलवली आणि डोळ्यांत पाणी आलं ते धुरामुळे, असं मी त्या वेळी सगळ्यांना सांगितलं.

पंगती उठल्या. नवरीच्या आजोबांनी तीनतीनदा खीर मागून घेतली आणि आचाऱ्याला बोलावून शाल दिली. गुळाच्या दुकानदाराचं नाव मात्र त्या दिवसापासून जऊळक्यात उगाचच खराब झालं, ते मी जमेल तिथे सांगून दुरुस्त करत असते.

पुढच्या बाजाराला सुखदेवभाऊ दुकानात आले. गुडमार नको म्हणाले. खाली मान घालून बसले होते. "वयनी, त्या दिवशी एक गोष्ट समजली. चाखल्याबिगर खीर झाली. म्हनजे इतकी वरसं मी चवीसाठी चाखतच नोतो. हावरेपना होता नुसता, अन्‌ त्याले मी काम म्हनत होतो."

मी म्हणाले, "मंग आता?"

"आता हरेक लग्न म्हनजे महाप्रसाद."

लोक मला विचारतात, सुखदेवभाऊंचं वजन तुमच्या कोणत्या औषधाने उतरलं? त्रिफळेने पोट साफ राहिलं, पहाटेच्या चालण्याने गुडघे मोकळे झाले, वावडिंगाने पचन सुधारलं, हे सगळं खरं आहे. गुडमारने एवढंच केलं की एका माणसाची जीभ थोडा वेळ झोपवली आणि त्याच्या नाकाला, डोळ्यांना, हातांना त्यांचं काम परत दिलं. माझ्या दुकानातल्या पाल्याने याहून मोठं काम केल्याचं मला आठवत नाही. पण हे काम पाल्याचं म्हणावं की माणसाचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. भट्टीपुढे पन्न्या जाळणारा माणूस समोर नसता तर पाला काय करणार होता?

हे सगळं लिहायला बसले ते गेल्या लग्नसराईतल्या एका दुपारमुळे. रिसोडातच लग्न होतं. स्वयंपाक अर्थातच सुखदेवभाऊंचा. आता ते आमच्या पायऱ्या चढून वर येतात आणि सुनेच्या हातचा चहा बिनसाखरेचा पितात, डॉक्टरांनीही भट्टीचं नाव काढणं सोडलंय. त्या दिवशी शेवटची पंगत बसली. वाढपी, मांडववाले, बँडवाले, मागे राहिलेल्या आम्ही बायका. एक पत्रावळ रिकामी होती. सुखदेवभाऊ भट्टीकडून हात धुऊन आले, उपरणं सोडून खांद्यावर टाकलं आणि त्या पत्रावळीपुढे मांडी घालून बसले. खाली, जमिनीवर, कुणाचा हात न धरता. वाढणारं पोरगं डाव हातात धरून उभंच राहिलं.

"वाढ ना बे," सुखदेवभाऊ म्हणाले. "पाहून काय राह्यला?"

त्याने भाजी वाढली, वरण-भात वाढला, एक डाव खीर वाढली. सुखदेवभाऊ सकाळपासून उपाशी होते. त्यांनी भाजीचा घास घेतला आणि सावकाश चावला. मग भात खाल्ला. मग खीर घेतली, आणि थांबले. त्यांचा हात पत्रावळीवर तसाच राहिला. मी समोरच्या ओळीत होते. मला वाटलं काही बिघडलं, मीठ राहिलं की काय.

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"वयनी," ते म्हणाले, "लोकं खोटं नोते बोलत."